अनुभव धागा: स्वतःशी लावलेली डोंगराची पैज

दोन वर्षांपूर्वी रक्तातली साखर काठावर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालत जा जरा." मला 'जरा' जमत नाही. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून टाकलं: वर्षात 50 वेळा सिंहगड, आतकरवाडीच्या पायवाटेनं, गाडीरस्त्यानं नाही. वय तेव्हा 47. वजन विचारू नये.

पहिल्या रविवारी पुणे दरवाज्यात पोचायला 2 तास 20 मिनिटं लागली. वाटेत सत्तरीचे एक आजोबा "आलंच बरं का ताई" म्हणत मला मागं टाकून गेले. सिंहगडावरचं 'आलंच' अर्ध्या तासाच्या आत कधी येत नाही. वर मडक्यातलं दही साखर न घालता खाल्लं, कांदाभज्यांकडं पाठ केली आणि गुडघे सांभाळत उतरले. असे सतरा रविवार गेले.

अठरावी खेप जुलैतली. निम्म्या चढावर धुकं उतरलं, पाऊस असा की वाटेचाच ओढा झाला. लाल पाणी घोट्यापर्यंत. बाकीचे चढत होते, मी एकटीच दगडाला धरून उभी. परत फिरले. घरी येऊन ओल्या केसांनी कॅलेंडरपुढं पेन घेऊन उभी राहिले, हा मोजायचा का? नवरा म्हणाला, "अर्धा लिही." मुलगी म्हणाली, "आई, चीटिंग आहे हे." शेवटी त्या रविवारच्या चौकोनात एक टिंब काढलं. वर्ष संपलं तेव्हा आकडा होता 43 आणि एक टिंब. साखर मात्र उतरली.

तर हा धागा त्या टिंबासाठी. तुम्ही स्वतःशी डोंगराची अशी पैज लावली होती का? पुरी झाली, मोडली, मधेच बदलली? त्यातून काय हाती लागलं? 'निसर्ग हाच खरा गुरू' छापाची वाक्यं नकोत, ती सकाळी घरच्या ग्रुपवर येतातच. आणि टिंबाचं काय करायचं तेही सांगा.

तेरावी टेकडी:
माझी पैज वेळेशी होती. कात्रज ते सिंहगड एका रात्रीत, 6 तासांच्या आत. जुन्या बोगद्याच्या वर वाघजाईच्या देवळापाशी नारळ फोडून निघालो. टेकड्या तेरा म्हणतात. मोजणाऱ्यांत एकमत नाही, कारण आठवीनंतर मोजायची शुद्ध कुणाला नसते. वेळ वाचवायचा म्हणून वजन कमी ठेवलं, दोनच लिटर पाणी. वाटेत पाणी नाही हे मला माहीत होतं. ऑक्टोबरची रात्र इतकी उकडेल हे माहीत नव्हतं.

उतारांवर नुसता घसारा. पाय ठेवला की खडी सुटते, शेवटी बुडावर बसूनच उतरायचं. नवव्या की दहाव्या टेकडीवर बाटली संपली. जीभ टाळ्याला चिकटली, सिंहगडाच्या टॉवरचा लाल दिवा होता तिथंच. मागून कॉलेजच्या पोरांचा घोळका आला. त्यातल्या एका मुलीनं काही न विचारता आपली बाटली पुढं केली. पिऊन झाल्यावर लक्षात आलं की तिच्याकडं तेवढंच होतं. चेहरा आठवत नाही. पोचा पडलेली स्टीलची बाटली आठवते.

7 तास 40 मिनिटं लागली. तेव्हापासून प्रत्येक ट्रेकला एक लिटर पाणी जास्तीचं असतं, ज्याला मी तोंड लावत नाही. बायको त्याला दान म्हणते. मी हप्ता म्हणतो, अजून फिटलेलं नाही.
टिंबाबद्दल: मोजू नका, पण पुसूही नका.

काळं नख:
लहानसा अनुभव. बूट मापात घेतले होते, दुकानात अगदी झकास बसले. तोरणा उतरून वेल्ह्यात आलो तोवर दोन्ही अंगठ्यांची नखं काळी, महिनाभरात दोन्ही गळाली. उतारावर पाय पुढं सरकतो, म्हणून बूट अर्धा नंबर मोठे घ्या आणि आदल्या दिवशी नखं कापा. आयुष्याचा धडा वगैरे नाही, पण नखं परत यायला आठ महिने लागले आणि त्या आठ महिन्यांत मी बराच नम्र झालो.

ग्लासगोकर:
आमच्याकडं या आजाराला नाव आहे, मुन्रो बॅगिंग. स्कॉटलंडमधले 3000 फुटांवरचे, म्हणजे 914.4 मीटरच्या वरचे डोंगर एकेक करून चढायचे. सध्याच्या यादीत 282 आहेत. यादी पहिल्यांदा ह्यू मुन्रो यांनी 1891 मध्ये छापली. सगळ्यांत उंच बेन नेव्हिस 1345 मीटर, आपली कळसूबाई 1646. त्यामुळं पुण्याहून आलेला मी पहिलं वर्ष फुशारकीतच होतो.

ती बेन लोमंडनं उतरवली. उंची फक्त 974. मार्च महिना, खाली कोवळं ऊन, वर आडवा बर्फ मारायला लागला आणि दहा पावलांपलीकडचं दिसेना. सह्याद्रीत चुकलं तरी एखादी ढोरवाट सापडते, गुराखी भेटतो, निदान "इकडं कुठं निघालात?" विचारणारं कुणीतरी असतं. इथं विचारायला फक्त नकाशा आणि होकायंत्र, आणि मला दोन्ही वाचता येत नव्हतं. फोन थंडीनं मेलेला. आपल्याच पावलांचे ठसे बघत परतलो, ते ठसेही बुजत चालले होते. नंतर नकाशा वाचण्याच्या वर्गात नाव घातलं. वर्गात निम्मी मुलं माझ्या भाचीच्या वयाची. पंचवीस वर्षं डोंगरात फिरतो असं तिथं कुणाला सांगितलं नाही.

टिंबाबद्दल सांगतो ताई, हे भांडण जुनं आहे. खुद्द मुन्रोसाहेबांची यादी पुरी झाली नाही, 1919 मध्ये ते गेले तेव्हा थोडं राहूनच गेलं होतं. पहिल्यांदा पुरी केल्याचा मान रॉबर्टसन नावाच्या पाद्र्याला देतात, 1901 सालचा. पण बेन वायव्हिसवर पावसामुळं तो माथ्याच्या आधीच परतला होता, अशी शंका पुढं निघाली. म्हणजे त्याचंही एक टिंबच. आणि गंमत म्हणजे इथं डोंगरसुद्धा यादीतून जातात. 2012 मध्ये फेरमोजणीत एक जण 3000 फुटांना कमी भरला आणि 283 चे 282 झाले. माझे 61 झालेत. बेन लोमंड त्यात आहे, तिसऱ्या खेपेचं.

धागाकर्ती:
ग्लासगोकर, हे नवऱ्याला वाचून दाखवलं. "म्हणजे अर्धा लिही म्हणालो ते बरोबर होतं" असं तो आता दिवसभर म्हणतोय. धन्यवाद नाही.

सुवेळा माची:
मी महिन्याला एक किल्ला, वर्षाचे 12, असं ठरवलं होतं आणि मुलाला सोबत न्यायचं. तो बारा वर्षांचा. सहा किल्ले झाले, फोटो झाले, सातवा म्हणून राजगड ते तोरणा एका दिवसात काढला. गुंजवण्यातून चोरदरवाज्यानं वर, पद्मावतीवर पोहे, मग संजीवनी माची आणि धार. धारेवर सावली नाही. मी पुढं, तो मागं. दर दहा मिनिटांनी मी थांबायचो, तो जवळ आला की लगेच उठून चालायला लागायचो. म्हणजे माझी विश्रांती व्हायची, त्याची कधीच नाही. हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं, वर्षभरानं एका डोंगरमित्रानं दाखवून दिलं.

खिंडीतल्या डांबरी रस्त्यावर तो खाली बसला. म्हणाला, "बाबा, पैज तुमची आहे. मी फक्त आलोय." चिडून नाही, अगदी साधं. तोरण्याची बुधला माची समोर दिसत होती. पाऊण तासानं एक जीप आली, तिच्यात मागं बसून उतरलो. वाटेत एकमेकांशी बोललो नाही.

बाराचे सातच राहिले. पुढचं वर्षभर मी एकटा गेलो, मजा आली नाही. परवा त्यानं स्वतःहून विचारलं, "त्या धारेवर परत जायचं का? पण मी पुढं चालणार."

उंचीला भिते:
चाळिशीच्या आत हरिहर किल्ला, एवढीच पैज. कातळात कोरलेल्या खड्या पायऱ्या, हात धरायला खोबण्या. चढताना नाक दगडाशी, त्यामुळं काही दिसत नाही. उतरताना सगळं दिसतं. चौथ्या पायरीवर माझे पाय थांबले. खालून वर येणारे, वरून खाली जाणारे, सगळे एकाच जिन्यावर खोळंबले. "खाली बघू नका" असं ओरडणारे दहा जण, त्यामुळं बघितलंच.

माझ्या खालच्या पायरीवर एक मावशी होत्या. त्यांनी विचारलं, "डब्यात काय आणलंय?" मी म्हटलं, मेथीचे पराठे. "दही घालता का पिठात?" मग तोंड दगडाकडं करून, एका वेळी एकच हात किंवा पाय हलवत मी कृती सांगत उतरले. तीळ, ओवा, पीठ किती वेळ मुरवायचं, सगळं. पायथ्याशी पराठे त्यांनाच दिले. भीती गेली का? अजिबात नाही. गच्चीवर कपडे वाळत घालताना अजून कठड्यापासून लांब असते.

बारीचा:
रामराम. मी बारी गावचा, कळसूबाईच्या वाटेवर आमचं लिंबू सरबताचं छोटं दुकान आहे. पहाटं पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन निघतो. शिड्यांशी लोक फोटो काढत उभे राहत्यात, ओझंवाल्याला वाट देत नाहीत, तेवढं बघा. मी किती वेळा चढलो ते कधी मोजलं नव्हतं. हे वाचून काल मोजायला बसलो, पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारांवरच थकलो. नवरात्रात गावातली म्हातारी माणसं देवीला वर जात्यात, चपला न घालता, तेही कुणी मोजत नाही.
दुपारी 3 नंतर कुणी चढायला लागला की आम्ही सांगतो, उद्या या. निम्मे ऐकत्यात. न ऐकलेल्यांना रात्री बॅटरी घेऊन आणायला आम्हालाच जावं लागतं. ती खेप कुणाच्या हिशोबात धरायची तेवढं सांगा.

धागाकर्ती:
बारीचे दादा, शिडीवर फोटो काढणाऱ्यांत मीही होते. चुकलंच. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, पण पुढच्या वेळी 3 च्या आत पायथ्याशी असेन आणि सरबत तुमच्याकडंच.
मुलगी 'चीटिंग'वर ठाम आहे. नव्या कॅलेंडरवर या वर्षी 30 लिहिलंय. रविवारी सकाळी साडेपाचला आतकरवाडीत, पायथ्याच्या चहावाल्यापाशी. सुवेळा माची, लेकाला आणा, पण विचारून.