बाबांसोबत बघायला सायफाय/फँटसी मालिका सुचवा (बजेट महिना ३०० रुपये)

गंगावेशचा_गडी
नमस्कार मंडळी. अँडॉर या स्टार वॉर्समधल्या मालिकेचा दुसरा सीझन उशिरानंच, गेल्या आठवड्यात संपवला. घोरमन ग्रहावरच्या चौकात माणसं गाणं म्हणायला लागतात तिथं घशात आवंढा आला आणि दहावा भाग (हॉस्पिटलचा, बघितलाय त्यांना कळेल) संपल्यावर रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून आलो. आता घरात पोकळी झालीय.

बाबा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत ३१ वर्षं मोल्डिंगला होते, आता निवृत्त. सासू-सुना चालत नाहीत, बातम्या बघून बीपी चढतं. दूरदर्शनवर नारळीकरांचं 'ब्रह्मांड' लागायचं तेव्हा आम्हा पोरांना दटावून गप्प बसवायचे, म्हणून वाटतं सायफाय आवडेल. दुकान बंद करून आल्यावर रोज एक तास दोघांनी बघायचंय.

अटी: एकच ओटीटी, महिना ३००. गोष्ट संपलेली हवी. व्हील ऑफ टाइमवर जीव लावला होता. तिसऱ्या सीझनचा चौथा भाग, नायक रँड काचेच्या खांबांमधून चालत आपल्याच पूर्वजांच्या डोळ्यांनी मागं मागं बघत जातो, तो तीनदा बघितला. मे २०२५ मध्ये बातमी, मालिका बंद. परत तो ताप नको. तिसरं म्हणजे बाबांसमोर एकदम पाणी प्यायला उठावं लागेल असं काही नको. टीव्ही ३२ इंची आहे आणि तोच राहणार आहे.

ड्रॅगन_कागलकर
हाउस ऑफ द ड्रॅगन. डोळे झाकून घ्या. दुसऱ्या सीझनचा चौथा भाग, रूक्स रेस्टची लढाई! ड्रॅगनवर बसलेल्या रेनिसला निघून जाता येत असतं, तरी ती ड्रॅगन वळवून परत जाते. नाद खुळा. मी उभा राहून बघितला.

निशाचर
कागलकर, अटी वाचल्या का? बाबांसोबत हाउस ऑफ द ड्रॅगन? पहिल्याच भागात दोघंही पाणी प्यायला उठतील. आणि संपलीय कुठं? दुसरा सीझन आठ भागांचा, आठव्यात सगळ्या फौजा निघतात, जहाजं निघतात, आणि पडदा. मुहूर्त काढून वरात दारातच उभी.

ड्रॅगन_कागलकर
तेवढं पुढं ढकलायचं की. रिमोट कशाला असतो?

ओएलईडी_आप्पा
मालिका कुठलीही बघा, आधी टीव्ही बदला. २०१९ मध्ये गेम ऑफ थ्रोन्सचा 'द लाँग नाइट' लागला, ८२ मिनिटं. आमच्या जुन्या ३२ इंचीवर नुसता काळोख. लाइट गेली समजून मी गॅलरीत जाऊन समोरच्यांच्या घरात बघून आलो, तर त्यांचा पंखा चालू! त्याच दिवाळीला ५५ इंची ओएलईडी आणला, वर साउंडबार. आता मेणबत्तीच्या उजेडातला माणूसही दाढी केलीय का नाही ते दिसतं. लाखाच्या वर गेले, पण एकदाच जातात.

गंगावेशचा_गडी
आप्पा, ३०० रुपये महिना लिहिलंय वर.

ओएलईडी_आप्पा
हप्त्यानं मिळतो.
बरं, नाहीच बदलायचा तर एवढं करा. पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा'वर घ्या, हलणारं चित्र गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा (तिच्यामुळं सगळं नाटकाच्या शूटिंगसारखं दिसतं), टीव्हीसमोरची ट्यूब बंद ठेवा. याला पैसे पडत नाहीत. पण टीव्ही बदलाच.

उत्तरेश्वरची_काकू
आम्ही सगळ्यांनी स्ट्रेंजर थिंग्ज बघितली. २०१६ ला मुलगी दहावीत होती तेव्हा सुरू केली, शेवटचा भाग १ जानेवारीला सकाळी साडेसहाला लागला तेव्हा तिच्या मांडीवर बाळ. जावई आदल्या रात्री मुक्कामी आले होते खास त्यासाठी. दोन तासांच्या वर भाग, मध्ये कुणी उठलं नाही, पोहे गार झाले. पाच सीझनमध्ये संपलेली आहे, तुमची अट बसते. शेवटाला ती शाळेतली पोरं मिशीवाली झाली तरी शाळेतच, हे मात्र मला खटकलं.

निशाचर
काकूंना अनुमोदन. संपलेली हवी असेल तर स्ट्रेंजर थिंग्ज. पण गडी, एक धडा घे माझ्याकडनं. सगळ्यात स्वस्त म्हणून मी एकदा एका ओटीटीचा मोबाईल प्लॅन घेतला आणि टीव्हीवर जाईच ना. तो फोनपुरताच असतो. आई आणि मी सहा इंची स्क्रीनवर डोकी लावून बसलो, तिचे केस माझ्या डोळ्यात. पैसे भरण्याआधी टीव्हीवर चालतो का ते वाच.

लिफ्टमधला_मी
सेव्हरन्स. ९९ रुपये महिना, बजेटात. लिफ्टमधनं खाली गेलं की बाहेरचं आयुष्य विसरायचं, वर आलं की ऑफिस विसरायचं. पहिला सीझन २०२२ ला, दुसरा २०२५ ला. तीन वर्षं थांबलो. दुसऱ्याचा सातवा भाग जेमा या पात्राचा आहे, त्यात तारखा, खोल्या, सगळं उलटंपालटं आणि तरीही काळीज पिळवटतं. मी रोज ऑफिसच्या लिफ्टमध्ये तसाच चेहरा करून उभा राहतो, एचआरनं विचारलं बरंय का म्हणून.

गंगावेशचा_गडी
संपलीय का?

लिफ्टमधला_मी
नाही. पण थांबण्यातच मजा आहे.

कटवाला_८७
द लास्ट ऑफ अस बघा भावा. पयला सीझन लै भारी. दुसऱ्या सीझनच्या दुसऱ्याच भागात हिरो जोएलला मारत्यात, तिथं मी टीव्ही बंद करून मिसळ खायला गेलो. कट बी कडू लागला.

उत्तरेश्वरची_काकू
अहो!! मी पहिल्या सीझनच्या सातव्या भागावर आहे!

कटवाला_८७
काकू, दुसरा सीझन ज्या व्हिडिओ गेमवरनं काढलाय तो २०२० ला आलाय, त्यात हायच की ते. पाच वर्सं झाली.

उत्तरेश्वरची_काकू
मी काय गेम खेळते होय? झुणका करते मी.

कृष्णविवर
मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. धागाकर्त्यानं सायफाय म्हणत अँडॉरचं नाव घेतलंय. स्टार वॉर्स ही सायफाय नाही, यानात बसवलेली परीकथा आहे. अंतराळात हवा नाही, तरी स्फोटांचे आवाज येतात. नारळीकरांच्या गावात हे चालवून घेऊ नका. खरं विज्ञान हवं तर थ्री बॉडी प्रॉब्लेम. पाचव्या भागात पनामा कालव्यावर दिसणारही नाहीत असे तंतू ताणतात आणि अख्खं जहाज सुरळीच्या वड्या कापाव्यात तसं कापलं जातं. दोन दिवस मी चाकूला हात लावला नाही.

निशाचर
नारळीकर बनारसचे ना?

कृष्णविवर
जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत, म्हणून वाढले तिकडं. माहिती नसेल तर विचारावं.

निशाचर
विचारलंच की.

कटवाला_८७
कोल्हापूरचेच. इषय कट.

आठवडा_बाजार
कुणी विचारलंच नाही म्हणून विचारते. बाबांना इंग्रजी संवाद कळतात का? सबटायटल त्या वेगानं वाचता येतात का? माझ्या सासऱ्यांना मोठ्या हौसेनं 'डार्क' लावून दिली. तीन सीझन, २६ भाग, संपलेली, सगळं खरं. पण मूळ जर्मन, वर कोण कुणाचा आजा आणि कोण कुणाचा नातू याचा पत्ता नाही. मी कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या बाजूला वंशावळ काढून दिली. चौथ्या दिवशी ते मालिका सोडून वंशावळच बघत बसले होते. (डार्कमध्येही पाणी प्यायला उठायचे प्रसंग आहेत, सांगून ठेवते.) पैसे भरण्याआधी हिंदी डबिंग आहे का बघा, आणि पहिला भाग बाबांच्या चष्म्यानं बघा.

गंगावेशचा_गडी
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. विचारलं. म्हणाले, "वाचतोय तोवर चित्र पळतंय." डबिंगचे आवाजही नको म्हणाले, सगळी माणसं जाहिरातीतली वाटतात.

ओएलईडी_आप्पा
५५ इंचीवर अक्षरं मोठी दिसतात.

गंगावेशचा_गडी
मंडळी, दहा दिवसांनी आलोय. सगळ्यांचे आभार, आणि राग मानू नका. कुणाचंच ऐकलं नाही. अँडॉरच परत पहिल्यापासून लावली. अजून महिना शिल्लक होता, नवीन पैसे नाहीत. मला संवाद पाठ आहेत, मी थांबवून थांबवून मराठीत सांगतो. आप्पा, सिनेमा मोड केला, फरक पडला.

पहिले दोन भाग बाबा पेंगले. सातव्यापर्यंत "बरं आहे" चाललं होतं. आठव्यात नार्किनाचा तुरुंग आला. एका खोलीत सात टेबलं, टेबलाला सात माणसं, कैद्यांनी बारा तासांच्या पाळीत यंत्राचे पार्ट जोडायचे, मागं पडलेल्या टेबलाला शॉक. बाबा सरळ बसले. "थांबव," म्हणाले. स्क्रीनजवळ जाऊन पार्ट कसा बसवतात ते बघितलं. "हा तिसरा मनुष्य चुकीच्या बाजूला उभा आहे, त्याची कंबर जाणार." मग त्यांच्या पाळीचा फळा सांगितला. साच्यांचा आकडा खडूनं लिहायचे, आणि कमी असेल त्याच्या नावाखाली सुपरवायझर दोन रेघा मारायचा. घरात इतक्या वर्षांत हे मी कधी ऐकलं नव्हतं.

दहावा काल झाला. कैद्यांचा मुकादम किनो माईकवर बोलायला लागला तेव्हा भाषांतर करायचं राहिलं माझं. त्यांनी विचारलंही नाही.

उत्तरेश्वरची_काकू
मग धागा कशाला काढला हो?

गंगावेशचा_गडी
चुकलं काकू. पण एक अडचण आहे. तो पार्ट कशाचा आहे हे बाबा रोज विचारतात. "जॉब कशाचा हे माहीत नसताना साचे भरलेत मी बी, पन तुला तर माहितीय न्हवं, सांग की." सांगितलेलं नाही अजून.

कृष्णविवर
सांगू नका. बाराव्या भागाला शेवटची नावं पूर्ण संपेपर्यंत त्यांना उठू देऊ नका.