बायकोला एम.एस. आहे – चालणं आणि विसरणं, दोन्हींसाठी सल्ला हवा

कृष्णाकाठ
नमस्कार. मी सांगलीचा. माझी पत्नी 37 वर्षांची, माध्यमिक शाळेत गणित शिकवते. सहा वर्षांपूर्वी एका डोळ्यानं अचानक अंधुक दिसायला लागलं, तेव्हा मल्टिपल स्क्लेरोसिस (एम.एस.) या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराचं निदान झालं. गेल्या जुलैत या आजाराचा तिसरा अटॅक आला, डाव्या पायातली ताकद गेली. स्टिरॉइडनंतर बरीच परत आली, पण पूर्ण नाही; चालताना पाय ओढला जातो. औषध चालू आहे, नवीन एम.आर.आय. स्थिर आहे. डॉक्टर म्हणाले, "आता फिजिओ करा." एवढंच.

फिजिओ लावला. पॅरालिसिसच्या पेशंटला देतात तसे व्यायाम दिले. एप्रिलमधे दुपारी चार वाजता अर्धा तास करून घेतले आणि ती उठूच शकेना. पाय लटपटत होते, परत अंधुक दिसायला लागलं. संध्याकाळपर्यंत ठीक झाली, पण घरात सगळे घाबरले. आई म्हणते, "बास झाला व्यायाम, पडून राहू दे तिला."

दुसरी गोष्ट तिनं मला रात्री उशिरा सांगितली. फळ्यावर गणित सोडवताना पुढची पायरी आठवत नाही. वर्गातल्या मुलींची नावं ओठांवर येऊन अडतात. पेपरांच्या बेरजा ती तोंडी करायची, आता दोनदा तपासते. तिला पायापेक्षा याची भीती जास्त वाटते.

व्यायामानं नसांना इजा होते का? सुरुवात कुठून करायची? आणि विसरण्यावर काही करता येतं का?

पाऊलवाट
कृष्णाकाठ, मी पुण्यात असते, मला एम.एस. होऊन 14 वर्षं झाली. तुमचं एप्रिलचं वर्णन वाचून गलबलून आलं, कारण अगदी हेच माझ्या बाबतीत गच्चीवर झालं होतं.

आधी आईंना हे सांगा: त्या दिवशी नवीन इजा झालेली नाही. एम.एस.मधे मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण ठिकठिकाणी गेलेलं असतं. अशा तंतूतून संदेश आधीच कसाबसा जातो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशानं जरी वाढलं, तरी तो अडतो. अंग थंड झालं की पुन्हा जायला लागतो. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञानं 1890 मधेच हे नोंदवलं होतं. त्याच्या रुग्णांना श्रम केल्यावर तात्पुरतं अंधुक दिसायचं. एप्रिल, दुपारचे चार आणि सांगली, यात तिचा काही दोष नाही. वेळ चुकीची होती.

ओळखायचं कसं? गारव्यात, विश्रांतीनंतर काही वेळात ओसरलं तर उष्णतेचा परिणाम. नवीन त्रास 24 तासांहून जास्त टिकला तर न्यूरोलॉजिस्टला फोन, आणि ताप किंवा लघवीचा संसर्ग आहे का तेही बघून घ्यायचं. संसर्गानं जुनी लक्षणं इतकी उसळतात की नवा अटॅकच वाटतो.

पडून राहण्याचा सल्ला एके काळी डॉक्टरसुद्धा देत असत. 1996 मधे अमेरिकेत युटा विद्यापीठात 54 रुग्णांवर 15 आठवड्यांचा अभ्यास झाला. एका गटाकडून नियमित एरोबिक व्यायाम करून घेतला होता. त्यांची ताकद आणि दमसास वाढला, आजार बळावला नाही. त्यानंतर ही समजूत मागे पडत गेली. पडून राहिल्यानं जो अशक्तपणा येतो तो आजाराचा नसतो, पण पाय मात्र तेवढाच जड होतो.

मी काय करते ते सांगते. सकाळी साडेसहा, पंखा चालू, आधी पेलाभर गार पाणी, मानेवर ओला पंचा. पाच मिनिटं चालायचं, दोन मिनिटं बसायचं, पुन्हा पाच. पहिला महिना दिवसाला एकूण दहा मिनिटंच. थकवा यायच्या आत थांबायचं. हे शिकायला मला दोन वर्षं लागली. गरम पाण्यानं आंघोळ व्यायामाला जोडून करायची नाही. योगासनं करायची असतील तर खुर्ची, भिंत, दोर यांचा आधार घेऊन करवणारे शिक्षक शोधा. बंद खोलीतला गरम योग अजिबात नको.

न्यूरोफिजिओ_नाशिक
पाऊलवाट ताईंनी बहुतेक सगळं सांगितलं. मी फक्त तपासणीबद्दल लिहितो, कारण घोळ तिथेच होतो.

पाय ओढला जातो म्हणजे नक्की काय? पाऊल वर उचललं जात नाही (फूट ड्रॉप), की पोटरी ताठ होते, की मांडी उचलायला ताकद नाही? तिन्हींचे उपाय वेगळे. पाऊल पडत असेल तर घोट्याचा हलका स्प्लिंट (पाऊल वर धरून ठेवणारा आधार) लावतात, पहिल्याच दिवशी फरक दिसतो आणि ठेच लागून पडणं कमी होतं. ताठरपणा असेल तर रोज ताण देण्याचे व्यायाम, लागलं तर औषध. ताठरपणाचं औषध बॅक्लोफेन चालू असेल तर ते स्वतःहून एकदम बंद करू नका, धोकादायक आहे. ताकद कमी असेल तर आठवड्यातून दोन दिवस बळकटीचे व्यायाम, मधे एक दिवस सोडून.

पहिल्या भेटीत 25 फूट चालायला किती सेकंद लागतात ते मोजून घ्या. घरी खडूनं रेघा मारूनही करता येतं. महिन्यानं त्याच वेळेला पुन्हा मोजा. "बरं वाटतंय का" यापेक्षा तो आकडा खरं सांगतो.

ठिकाणं: मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया 1985 पासून काम करते, पुण्यात आणि मुंबईत शाखा आहेत. फोन करून तुमच्या भागात एम.एस. बघणारे कोण आहेत ते विचारा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समधे (मेंदू आणि मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था) न्यूरो-पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे. पण रोजच्या कामासाठी तुमच्या दाराशी मिरज आहे. तिथे न्यूरोचे पेशंट बघणारा फिजिओ शोधा, आणि पहिला प्रश्न विचारा: "उष्णता आणि थकवा यांचं काय करता?" उत्तर गोंधळलेलं आलं तर पुढे चला.

कृष्णाकाठ
पाऊलवाट ताई, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे उन्हानं झालं होय." विसरण्याबद्दल कुणी सांगेल का?

जमाखर्च
मी सांगतो. ठाण्यात हिशेबाचं काम करतो, एम.एस. नऊ वर्षं. आकड्यांत चुकायला लागलो तेव्हा वाटलं, नोकरी गेली.

वहिनींना सांगा, बुद्धी कमी झालेली नाही. बहुतेकांची गती कमी होते: माहिती आत जायला आणि बाहेर यायला वेळ लागतो. एम.एस. असलेल्या निम्म्याच्या आसपास लोकांना हे कमी-जास्त होतं. त्याची एक साधी चाचणी असते. चिन्हांसमोर आकडे लावायचे, 90 सेकंदांत किती होतात ते बघायचं. न्यूरोसायकॉलॉजिस्ट (स्मरण, लक्ष यांची तपासणी करणारे) किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजची कामं जमावीत म्हणून सराव देणारे) करून घ्या. माझा आकडा कळला त्या दिवशी मला उलट हायसं वाटलं, कारण मी आळशी झालेलो नाही हे कागदावर आलं.

आधी दुसरी कारणं तपासा. झोप नीट आहे का, मन खचलंय का, आणि लघवीच्या तक्रारीसाठी गोळी चालू आहे का. ऑक्सिब्युटिनिनसारख्या काही गोळ्यांनी स्मरण मंदावू शकतं. डॉक्टरांशी बोलून बदलता येतात.

मग सराव. गोष्ट आणि चित्र करून लक्षात ठेवण्याची एक पद्धत आहे. 2013 मधे अमेरिकेत 86 जणांवर तपासली गेली, दहा सत्रांनी नवीन गोष्टी शिकणं सुधारलं. म्हणजे वर्गात गौरी, मेघा, स्वप्नाली, वैदेही एका बाकावर असतील तर: गौरीच्या मूर्तीवर मेघ आला, तिला स्वप्न पडलं, स्वप्नात वैदेही. चित्र जितकं विचित्र, तितकं चिकटतं.

बाकी आधार घ्या, त्यात कमीपणा नाही. फळ्याच्या कोपऱ्यात पायऱ्या आधी लिहून ठेवायच्या. अवघड तास सकाळी. पेपर तपासताना टीव्ही बंद. जिना चढताना कुणी तिच्याशी बोलायचं नाही. चालणं आणि बोलणं एकत्र आलं की दोन्ही बिघडतात, आणि पडणं तिथेच होतं.

सह्याद्री_७७
माझ्या भावाला एका केंद्रात मोबाइलवरचे मेंदूचे खेळ आणि मशीनवरचा व्यायाम असं 45 हजारांचं पॅकेज दिलं. तीन महिने केलं. खेळात गुण वाढले, पण घरी फरक नाही. घ्यावं का असं?

जमाखर्च
सह्याद्री, मी घेणार नाही. 2023 मधे मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला. हळूहळू वाढत जाणाऱ्या एम.एस.चे 311 रुग्ण, 12 आठवडे, संगणकावरचा सराव आणि व्यायाम एकत्र. विचारांच्या गतीत नुसत्या नावापुरत्या सरावापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. व्यायाम शरीरासाठी कराच. पण मेंदूच्या नावाखाली पॅकेज नको. जे काम जमत नाही त्याच कामाचा सराव देणारा थेरपिस्ट शोधा.

रानजाई
एक वेगळा मुद्दा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करा. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर बरेच लाभ त्यावर आहेत. तळमजल्यावरचा वर्ग, सकाळचे तास, बसून शिकवायला उंच स्टूल हे लेखी मागा. उपकार मागत नाही आहात.

आणि दादा, तिच्या हातातलं काम काढून घेऊ नका. मी नवऱ्याच्या बाबतीत दोन वर्षं तीच चूक केली. तो भाजी चिरायला बसला की मी सुरी घ्यायची. एके दिवशी तो म्हणाला, "मला वेळ लागतो, पण मला जमतं." आता ओट्यापाशी स्टूल आहे आणि मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसते.

कृष्णाकाठ
तीन आठवडे झाले, म्हणून लिहितोय. 25 फूट पहिल्या दिवशी 11 सेकंद, काल 9. पाच मिनिटं चालते, दोन मिनिटं कट्ट्यावर बसते. पंचा आई भिजवून ठेवते, सहा वाजताच. मिरजेच्या फिजिओनी फूट ड्रॉपच आहे सांगितलं, स्प्लिंटचं माप दिलंय.

मुख्याध्यापिका बाईंनी दोन तास सकाळी हलवले. 90 सेकंदांच्या चाचणीची वेळ पुढच्या गुरुवारी आहे. ती थोडी घाबरलीय. जमाखर्च, चाचणीच्या आधी काय करावं, काय टाळावं, ते सांगाल का?

जमाखर्च
सकाळची वेळ मागून घ्या. आदल्या रात्री पुरेशी झोप. घरी सराव करू नका, नाहीतर खरा आकडा कळणार नाही. चष्मा न्या, आणि खोलीत पंखा आहे ना ते आधी विचारा. झाल्यावर इथे कळवा.