प्रतिसाद: ॲप असताना मेमरी कार्ड कशाला?
ॲपवर बायबल ऐकता येतं, मग ध्वनिमुद्रित बायबल भरलेलं मेमरी कार्ड कशाला, असं वर विचारलंय. बेळगाव जिल्ह्यात, खानापूरकडच्या जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्टीत फिरून या, ॲपपुरतं नेट मिळतं का बघा, मग बोलू! कार्डाला जागाही फार लागत नाही: मोनो (एकाच चॅनलचा आवाज), ३२ केबीपीएसला (सेकंदाला ३२ किलोबिट) तासाला साधारण १४ एमबी लागतात. नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, वीसेक तासांचा धरला तरी ३०० एमबीच्या आत. ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्या फोनवरही जातो.

खानापूरकडच्या कोंकणी घरांचा खरा तिढा लिपीचा. आजीचं प्रार्थनेचं पुस्तक रोमीत (रोमन लिपीतल्या कोंकणीत), नातवाची शाळा कन्नड नाहीतर मराठी. ऐकायला लिपी लागतच नाही. (सीमावादही नाही!) ही कल्पना जुनीच: मिशनरी जॉय रिडरहॉफ यांनी १९३९ साली अमेरिकेत ख्रिस्ती संदेशांच्या ध्वनिमुद्रणाचं काम सुरू केलं, पुढे त्यातूनच हाताने फिरवायचे पुठ्ठ्याचे रेकॉर्ड प्लेअर निघाले. ध्वनिमुद्रणासाठी वाचणारा मात्र इथलाच घ्या, मंगळुरी हेल इथल्या कानाला परका वाटतो.