मनगटावर ९०४ एल कशाला? डब्याचं स्टील आधी विचारा

अंबाझरीकर : सीताबर्डीवर घड्याळ पाहायला गेलो होतो. विक्रेता म्हणाला, "हे ९०४ एल आहे, ३१६ एलसारखं साधं नाही." (दोन्ही स्टेनलेस स्टीलचे ग्रेड, म्हणजे मिश्रणाचे प्रकार.) हे मला अजिबात पटलं नाही. ३१६ एलमध्ये २ ते ३ टक्के मोलिब्डेनम हा धातू असतो, म्हणून ते घाम आणि खारं पाणी सोसतं. ओमेगासकट बहुतेक कंपन्या तेच वापरतात. ९०४ एल मुळात सल्फ्युरिक आम्ल हाताळणाऱ्या कारखान्यांसाठीचं. रोलेक्सनं ते १९८५ मध्ये घड्याळात आणलं. मनगटावर आम्ल कोण ओततं? आणि मुलीच्या डब्याच्या झाकणाला सहा महिन्यांत गंज चढला, त्याचा ग्रेड मात्र मी विचारलाच नव्हता. "चुंबक चिकटत नाही, म्हणजे अस्सल," एवढ्यावर घेतला.

मनीषनगर_४४ : साफ असहमत. आम्ल नाही, पण नागपूरचा मे महिना आहे ना! मागच्या झाकणाच्या आट्यांत घाम अडकतो, तिथं हवा पोचत नाही, क्रोमियमचा संरक्षक थर पुन्हा धरत नाही आणि खड्डे पडतात. माझ्या ३१६ एलच्या घड्याळात गॅस्केटखाली, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्याखाली, असेच खड्डे निघाले. ९०४ एलमध्ये मोलिब्डेनम ४ ते ५ टक्के, निकेल २३ ते २८, शिवाय थोडं तांबं. हा फरक दिखाव्याचा नाही.

अंबाझरीकर : खड्ड्यांचं मान्य. पण गॅस्केट वेळेवर बदललं, झाकणाखालची घाण काढली, तर ३१६ एल कितीतरी वर्षं टिकतं. शिवाय ९०४ एलला ओरखडे कमी पडतात असं सांगून विकतात, ते चूक आहे. कठीणपणात दोन्ही जवळपास सारखीच.

हिंगणा फॅब्रिकेटर : घड्याळाचं तुम्ही पाहा. पण चुंबकावर काहून विसंबता भाऊ? २०२ ग्रेडच्या स्वस्त स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही! त्यात निकेल कमी करून मँगनीज भरलेलं असते. भांड्यांच्या चांगल्या ३०४ ग्रेडमध्ये क्रोमियम १८ टक्के, निकेल ८ टक्के. उलट दाबून बनवलेल्या ३०४ च्या वळणावर चुंबक थोडं ओढते, अन् लोक चांगलं भांडं परत करतात. आम्ही पत्रा घेताना स्टील तपासायच्या द्रावणाचा थेंब टाकून ९ व्होल्टची बॅटरी लावतो. २०२ अन् ३०४ वर रंग वेगळा येते.

इतवारीची सून : २०२ ला सरसकट वाईट म्हणू नका. पोळ्यांच्या, डाळीच्या कोरड्या डब्याला ते चालतं आणि स्वस्त पडतं. लोणचं, चिंचेचं सार, कढी मात्र ३०४ मध्येच. आणि गार पाण्यात मीठ टाकून पातेलं ठेवू नका, तळाशी बसलेल्या मिठानं ३०४ लाही खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घाला.

मनीषनगर_४४ : भांड्यांचं पटलं. घड्याळ तरी मी ९०४ एलचंच घेणार, घाम माझा आहे.

अंबाझरीकर : घ्या. मी ३१६ एलच घेतो. उरलेल्या पैशांत घरचे डबे बदलतो, बिलावर "३०४" लिहून घेऊन.