मोंगसेनला ‘बोली’ म्हणणं थांबवा

रानवाट:
नागालँडच्या मोकोकचुंग जिल्ह्यातल्या आओ लोकांच्या भाषेबद्दल माझ्या वाचनात पुन्हा पुन्हा एकच वाक्य येतं: ‘आओ ही नागा भाषा, चुंगली आणि मोंगसेन या तिच्या बोली.’ (चांगकी नावाची तिसरी तर बहुतेकदा गाळलीच जाते.) या वाक्यातल्या ‘बोली’ या शब्दाला माझा ठाम विरोध आहे.

चुंगली प्रमाण कशी झाली ते पाहा. अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी एडवर्ड क्लार्क १८६९ मध्ये आसामात शिवसागरला आले ते मिशनचा छापखाना सांभाळायला. त्यांचे आसामी सहकारी गोधुला डोंगर चढून आओंच्या गावी गेले आणि पाठोपाठ क्लार्क. ते ज्या गावात पोचले तिथे चुंगली बोलत. मग प्रार्थना, गाणी, शब्दकोश, पुढे बायबल, सगळं चुंगलीत छापलं गेलं. पहिलं गाव मोंगसेन बोलणारं असतं, तर आज आपण चुंगलीला बोली म्हणत असतो. मोंगसेन माणसाला चुंगली कळते, कारण चर्चमध्ये आणि शाळेत ती कानावर पडते. चुंगली माणसाला मोंगसेन सहजी कळत नाही. भाषाशास्त्रज्ञ अलेक्झांडर कूप यांनी २००७ मध्ये एकट्या मोंगसेनचं जाडजूड व्याकरण प्रसिद्ध केलं. ज्या बोलण्याला इतकं स्वतःचं व्याकरण आहे, त्याला भाषा म्हणायला आपली जीभ का अडखळते?

गोदाकाठ:
ताई, तुमची तळमळ पोचली, पण मत अजिबात पटलं नाही. नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं त्या भागात राहिलो. तिथे एकाच गावात एक खेल (आपल्याकडच्या आळीसारखा) चुंगलींचा आणि दुसरा मोंगसेनांचा, असं सर्रास असतं. दोघांचा मोआत्सू सण एक, दोघांचे पूर्वज लोंगतेरोकच्या सहा दगडांतून आले ही कथाही एक. आमच्या घरमालकीणबाई मोंगसेन. त्यांना ‘तुमची भाषा कोणती’ विचारलं की उत्तर यायचं, ‘आओ’. त्यांनी स्वतः जे नाव सांगितलं ते आपण नाशकात बसून का खोडायचं?

आणि हिशोब करा. २०११ च्या जनगणनेत आओ बोलणारे जेमतेम २.६ लाख. राज्याची राजभाषा इंग्रजी, बाजारात नागामीज (आसामीवरून घडलेली संपर्कभाषा). एवढ्याशा भाषेचे आणखी तुकडे केले तर उरेल काय?

व्यंजन:
दोघांनाही थोडं अडवतो. रानवाट, व्याकरण लिहिलं गेलं म्हणून बोलीची भाषा होत नाही. व्याकरण तर प्रत्येक बोलीला असतंच. अहिराणीचंही लिहिता येईल.

माझ्या मते त्या वाक्यातला जास्त फसवा शब्द ‘नागा’ आहे. ग्रियर्सनने भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०३ च्या खंडात नागा गट मांडला, आणि वाचणाऱ्यांना वाटतं की हे एक कुळ आहे. तसं नाही. आओ, लोथा, सांगताम, यिमखियुंग या एकमेकींच्या जवळच्या. पण आओंचे शेजारी चांग, फोम आणि कोन्याक यांच्या भाषा भाषाशास्त्रज्ञ रॉबिन्स बर्लिंग यांनी १९८३ मध्ये मेघालयातल्या गारोबरोबर आणि म्यानमारकडच्या जिंगफोबरोबर एका गटात ठेवल्या. सूर्याला या भाषांत जो शब्द आहे त्यावरून त्या गटाचं नाव ‘साल’. म्हणजे डोंगरापलीकडचा नागा शेजारी भाषेने गारोच्या जवळचा निघतो! ‘नागा’ ही माणसांची ओळख आहे, मोठी आणि खरी आहे, पण भाषेचं कुळ नव्हे.

आता लोथाशेजारी ठेवून बघितलं तर चुंगली आणि मोंगसेन सख्ख्या बहिणी दिसतात. त्यामुळे त्यांना ‘आओ’ या एका नावाखाली ठेवणं चुकीचं नाही.

रानवाट:
व्यंजन, व्याकरणाचा मुद्दा मागे घेते. सख्ख्या बहिणी हेही मान्य. पण बहिणीला बहीण म्हणा ना, मुलगी का म्हणता? ‘आओच्या बोली’ म्हणताना मनात आओ म्हणजे चुंगलीच असते. कोकणीच्या बाबतीत आपण मराठी माणसांनी हेच केलं. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र मानलं तरी ‘मराठीची बोली’ हा हेका कित्येकांनी सोडला नाही. तो दुखावा अजून गोव्यात भेटतो.

गोदाकाठ:
कोकणीसाठी गोव्याची माणसं स्वतः उभी राहिली होती. मोंगसेनांनी तशी मागणी केली तर मी पहिला टाळ्या वाजवीन. तोवर त्यांच्या वतीने भांडायला माझं मन घेत नाही.

रानवाट:
दादा, मी वेगळं राज्य किंवा वेगळी लिपी मागत नाही. मोंगसेन घरातल्या मुलाच्या पहिलीच्या पुस्तकात त्याच्या आजीचे शब्द असावेत, एवढंच. दुसरीपासून चुंगली शिकवा.

गोदाकाठ:
पहिलीच्या पुस्तकाला माझी हरकत नाही. नाव मात्र त्यावर ‘आओ’ असंच राहू दे.

रानवाट:
‘मोंगसेन आओ’. त्याहून कमी नको.