मदत हवी आहे: स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू हबचा (सायकलच्या मागच्या चाकाचा तीन गिअरवाला मधला भाग) तिसरा गिअर घसरतो

सायकल: रॅले स्पोर्ट्स, हबवर शिक्का ६८ ४ (एप्रिल १९६८). पुढे ४६ दाती, मागे १८ दाती.

पहिला-दुसरा गिअर ठणठणीत. तिसऱ्यात जोर लावला की पेडल खटकन निसटतं. उभं राहून चालवणं तर धोक्याचंच.

तिसऱ्यात केबल सैलच असते; ती पूर्ण सोडूनही घसरतो, म्हणजे दोष केबलचा किंवा ट्रिगरचा (हँडलवरच्या गिअर-खटक्याचा) नाही. उजवा कोन (बेअरिंगचा शंकूच्या आकाराचा नट) हाताने घट्ट करून अर्धा फेरा मागे घेतलाय. हब उघडून रॉकेलने धुतला, ग्रीस काढून एसएई २० तेल घातलं. इंडिकेटर साखळी (केबलला जोडलेली, क्लच ओढणारी बारीक साखळी) सरळ आहे, अ‍ॅक्सल वाकलेला नाही. क्लचच्या (गिअर बदलताना सरकणारा फुलीसारखा भाग) चारही हातांच्या कडा मात्र गोलसर झाल्यात आणि तिसऱ्यात क्लच ज्यांना अडकतो त्या पिनियन पिनांची (छोट्या दातेरी चाकांच्या खिळ्यांची) टोकंही झिजलीत. क्लचची स्प्रिंग मऊ वाटते, पण तुलनेला नवी नाही.

नवा हब सुचवू नका: रिम आऱ्यांच्या ४० भोकांची आहे, हबलाही तितकीच लागतात, आणि मूळ शेल (हबचं बाहेरचं कवच) मला जपायचंच आहे. नोव्हेंबरअखेर पुणे ते गोवा किनाऱ्याने जायचंय.

नंतरच्या एडब्ल्यूचा क्लच या जुन्या पिनांवर नीट बसतो का, की क्लच, पिना आणि स्प्रिंग तिन्ही एकत्रच बदलावे लागतील?