मदत हवी आहे: दख्खनच्या भेगीय उद्रेकांतील वायू स्थितांबरापर्यंत कसे पोहोचले असतील?

नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या शाळेची नववीची मुले विज्ञान प्रदर्शनासाठी ‘ज्वालामुखी आणि हवामान’ हा विषय करत आहेत. त्यांच्या एका प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला देता आलेले नाही, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

स्फोटक उद्रेकाची बाजू मुलांना समजली आहे. शिलारस वर येताना त्यावरचा दाब कमी होतो, त्यात विरघळलेली वाफ व इतर वायू फुगतात आणि शिलारस दाट असल्याने ते सहज निसटू शकले नाहीत, की त्याच्याच ठिकऱ्या उडतात. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक ठिकऱ्या म्हणजे राख. ती बहुतांशी काही दिवसांत खाली बसते. हवामानावर अधिक काळ परिणाम करतो तो सल्फर डायऑक्साइड. स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या थराच्या वरच्या थरात, त्याचे काही आठवड्यांत सल्फ्युरिक आम्लाचे सूक्ष्म थेंब बनतात, आणि तेथे त्यांना धुऊन काढणारा पाऊस नसल्याने ते वर्ष-दोन वर्षे टिकून सूर्यप्रकाश परतवतात. फिलिपिन्समधील पिनातुबोने 1991 साली असा सुमारे दीड ते दोन कोटी टन वायू वर फेकला आणि 1992 मध्ये जगाचे सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरले.

यावर एका मुलीने विचारले, “सर, पन्हाळ्याच्या जांभ्याखालचा काळा कातळ तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहत आलेल्या लाव्ह्याचा आहे. स्फोटच नव्हता, तर वायू एवढ्या उंचीवर गेले कसे?”

मी आइसलँडमधील लाकीचे उदाहरण दिले. 1783 साली तेथील भेगांतून आठ महिने लाव्हा वाहिला, सुमारे 12 कोटी टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला आणि युरोपभर आम्लयुक्त धुरके पसरले. पण हे उदाहरण पुरेसे नाही, असे मलाच वाटते. आइसलँडवर स्थितांबर साधारण 9-10 किलोमीटरवर सुरू होते, तर उष्ण कटिबंधात ते 16-17 किलोमीटरवर. आणि दख्खनचा लाव्हा वाहत होता तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, उष्ण कटिबंधातच होता.

भेगांवर उसळणाऱ्या लाव्ह्याच्या कारंज्यांची उष्णता वायूंना तेवढे उंच नेऊ शकते का? की तपांबरातील (जमिनीलगतच्या, ढग-पावसाच्या थरातील) थेंब पावसाने आठवड्याभरात धुतले गेले, तरी उद्रेक वर्षानुवर्षे चालू राहिल्याने त्यांची भरपाई होत राहिली, असे मानायचे? शिवाय घाटातील रस्त्यांच्या कापांत बसाल्टच्या (याच काळ्या कातळाच्या) दोन थरांमध्ये विटकरी मातीचा पट्टा दिसतो; त्यात राखेचा अंश आहे का, हे शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येईल का? नववीच्या मुलांना झेपेल असे स्पष्टीकरण मिळाल्यास फार मदत होईल.